वाचकांचे प्रश्न : औष्णिक केंद्रातली वीज केंद्रातच कुठे जाते?

गेल्या अंकातील औष्णिक वीज केंद्रांवरच्या लेखात, तयार झालेल्या विजेचा काही भाग केंद्रातील यंत्रेच वापरतात, असे एक वाक्य ओघात आले होते. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. त्यांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : वीज निर्माण करणाऱ्या केंद्राला स्वतःसाठी इतकी वीज कशाला लागते? आणि एका केंद्राचा अंतर्गत वापर साडेपाच टक्के, तर दुसऱ्याचा साडेआठ टक्के, असे असेल तर पहिले केंद्र अधिक कार्यक्षम समजावे का? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी)

उत्तर : टर्बाइन फिरवणारी वाफ तयार होण्याआधी आणि ती आपले काम करून गेल्यानंतरही बरेच काम करावे लागते. कोळसा पट्ट्यांवरून आणायचा, मिलमध्ये पिठासारखा बारीक दळायचा, तो भट्टीत पोहोचवण्यासाठी व जाळण्यासाठी हवा लोटायची, धूरवायू ओढून चिमणीकडे पाठवायचा, कंडेन्सरमध्ये वाफेचे पाणी व्हावे म्हणून थंड पाण्याचा मोठा प्रवाह अखंड फिरता ठेवायचा, आणि ते जमलेले पाणी पुन्हा बॉयलरमध्ये ढकलायचे. यातले शेवटचे काम सर्वांत महाग आहे. २१० मेगावॉटच्या संचात (बॉयलर, टर्बाइन व जनित्र यांच्या एका जोडणीत) बॉयलरचा दाब १५० बारच्या (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) आसपास असतो आणि पाणी आत जायचे तर त्याहून अधिक दाबाने जावे लागते. त्यामुळे विजेवर चालणारे बॉयलर फीड पंप एकटेच निर्मितीच्या दोन ते तीन टक्के वीज घेतात.

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तरही याच पंपात आहे. ५०० मेगावॉट व त्यावरील संचांत हा पंप बहुधा छोट्या स्वतंत्र टर्बाइनने, म्हणजे वाफेवर चालवला जातो. त्यामुळे तेथील अंतर्गत वीजवापर पाच-सहा टक्क्यांवर येतो, तर मोटरवर पंप चालवणाऱ्या २०० मेगावॉट वर्गातील संचांत तो साधारणपणे आठ-नऊ टक्के असतो. पण पंपाच्या टर्बाइनला दिलेली वाफ फुकट आलेली नसते. मुख्य टर्बाइनमध्ये राहिली असती तर तिनेही वीजच केली असती. म्हणून अंतर्गत वापराच्या टक्केवारीवरून दोन वेगळ्या रचनेच्या केंद्रांची तुलना करणे चुकीचे आहे. बाहेर पाठवलेल्या प्रत्येक युनिटमागे इंधनाची किती उष्णता खर्ची पडली, म्हणजेच निव्वळ हीट रेट किती, हीच खरी कसोटी आहे. पुढच्या उत्तरांतही हा मुद्दा येत राहील, कारण माझ्या मते या विषयातील बहुतेक गैरसमज तो विसरल्याने होतात.

प्रश्न : आमच्या संचाचा अंतर्गत वापर काही महिन्यांत साडेआठ टक्क्यांच्या खालून अकरा टक्क्यांच्या वर गेला. नवीन यंत्र एकही बसवलेले नाही. "यंत्रे जुनी झाली" एवढेच स्पष्टीकरण मिळते. ते खरे मानावे का? (केंद्रातील कनिष्ठ अभियंता)

उत्तर : आधी याच काळात संचाचा सरासरी भार किती घटला ते पाहावे. अंतर्गत वापराचा एक भाग भारावर अवलंबून नसतो. संच पूर्ण भारावर असो वा अर्ध्या, कूलिंग वॉटर पंप, कॉम्प्रेसर, दिवे, राख वाहून नेणारे पंप जवळजवळ तेवढीच वीज घेतात. उदाहरणादाखल धरा की २१० मेगावॉटच्या संचाचा स्थिर वापर ८ मेगावॉट आहे आणि त्यावर निर्मितीच्या प्रत्येक मेगावॉटमागे ४५ किलोवॉट लागतात. पूर्ण भारावर हा वापर १७.४५ मेगावॉट, म्हणजे ८.३ टक्के होईल. भार १२० मेगावॉटवर आला की वापर १३.४ मेगावॉटपर्यंत उतरेल, पण टक्केवारी मात्र ११.२ वर चढेल. कोणत्याही यंत्रात बिघाड नसताना हे घडते.

म्हणून मासिक टक्केवारीऐवजी तासागणिक नोंदी घ्याव्यात, भार आडव्या अक्षावर व अंतर्गत वापर मेगावॉटमध्ये उभ्या अक्षावर मांडावा. बिंदू साधारण एका सरळ रेषेवर बसतात. नवे बिंदू जुन्याच रेषेवर राहून कमी भाराच्या बाजूला सरकले असतील तर कारण भार आहे. रेषाच वर सरकली असेल तर काहीतरी बिघडले आहे. ती समांतर वर सरकली असेल, तर भाराशी संबंध नसलेले काहीतरी जादा चालू आहे, जसे की एकाऐवजी दोन चालणारे कॉम्प्रेसर. तिचा चढ वाढला असेल तर पंखे, मिल आणि फीड पंप यांच्याकडे पाहावे. याबरोबर कोळशाचा दर्जाही तपासावा. उष्मांक कमी आणि राख जास्त असलेला कोळसा आला तर तेवढ्याच विजेसाठी अधिक टन दळावे लागतात, अधिक वायू ओढावा लागतो आणि अधिक राख वाहावी लागते. याला यंत्रे जुनी होणे म्हणता येणार नाही.

भार खरोखरच दीर्घकाळ कमी राहणार असेल, तर किती यंत्रे चालू ठेवायची याचा नव्याने विचार करावा. पाच मिलवर पसरवलेला कोळसा तीन-चार मिलमध्ये मावतो का, एका फीड पंपाची क्षमता पुरते का, हे प्रश्न प्रत्येक पाळीत विचारले गेले पाहिजेत. बॉल मिलच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण पोलादी गोळ्यांचे ते पिंप फिरवायलाच तिची बहुतेक वीज जाते आणि आत कोळसा कमी असला तरी खर्च फारसा उतरत नाही.

प्रश्न : अंतर्गत वीजवापराचे ऑडिट प्रत्यक्षात कसे सुरू करावे? आमच्याकडे सर्व मोटरींच्या अँपिअरच्या नोंदी आहेत. (तोच वाचक व आणखी तिघे)

उत्तर : अँपिअरच्या नोंदी उपयोगी आहेत, पण त्यांवरून काढलेले किलोवॉट अनेकदा फसवतात. ६.६ केव्हीची (६,६०० व्होल्टची) एखादी मोटर ५० अँपिअर घेत आहे आणि हिशेबात पॉवर फॅक्टर (व्होल्ट व अँपिअरवरून येणाऱ्या शक्तीचा प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ०.८५ धरला आहे, तर उत्तर ४८६ किलोवॉट येते. मोटर कमी भारावर चालत असेल तर तिचा पॉवर फॅक्टर प्रत्यक्षात ०.६५ असू शकतो, आणि मग खरा वापर ३७२ किलोवॉट असतो. ऑडिटमध्ये असा चुकलेला आकडा एकदा शिरला की पुढे जिथे बचत नाही तिथे ती दिसू लागते. म्हणून पॉवर ॲनलायझर लावून, भार स्थिर ठेवून, प्रत्येक मोठ्या मोटरचे किलोवॉट थेट मोजावेत. त्यांची बेरीज केंद्रातील यंत्रांना वीज देणाऱ्या युनिट ऑक्झिलरी ट्रान्सफॉर्मर व स्टेशन ट्रान्सफॉर्मर यांच्या मीटरशी जुळते का ते पाहावे. जुळत नसेल तर तो फरक सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. बऱ्याचदा वसाहतीचा, बांधकामाचा किंवा शेजारच्या संचाचा भार याच फरकात लपलेला असतो.

विजेचे मोजमाप हा ऑडिटचा अर्धा भाग झाला. त्या विजेने किती उपयोगी काम झाले, हे मोजणे हा दुसरा अर्धा भाग. फीड पंपाचे उदाहरण घ्या. पंप ताशी ४०० घनमीटर पाणी घेतो आणि त्याचा दाब १७० बारने वाढवतो, तर पाण्याला मिळालेली शक्ती सुमारे १,८९० किलोवॉट होते. मोटर ३,१०० किलोवॉट घेत असेल तर मोटर, हायड्रॉलिक कपलिंग (मोटरची गती तेलामार्फत पंपाला देणारी, वेग बदलता येणारी जोडणी) आणि पंप यांची एकत्रित कार्यक्षमता ६१ टक्के आहे. हा आकडा पंप नवा असतानाच्या चाचणीशी ताडून पाहावा, आणि घट कपलिंगमध्ये आहे की पंपाच्या झिजलेल्या वेअर रिंगमध्ये (पंपाच्या आतली गळती रोखणाऱ्या कड्यांमध्ये), हे वेगळे करावे.

पंप उत्तम असूनही वीज वाया जाऊ शकते, याकडे मात्र फार कमी ऑडिट अहवाल लक्ष देतात. पंपाच्या सक्शनला (पाणी आत घेणाऱ्या तोंडाशी) ताशी ३६० टन पाणी मोजले गेले आणि वाफेचे तापमान आवरण्यासाठी वापरलेले स्प्रेचे पाणी जमेस धरूनही पुढे ३३० टनच पोहोचले, तर उरलेले ३० टन रिसर्क्युलेशन व्हॉल्व्हमधून (पंपाचे पाणी मागे वळवणाऱ्या झडपेतून) डिएरेटरकडे (पंपाआधीच्या पाण्याच्या टाकीकडे) परत जात आहेत. कंट्रोल रूममध्ये तो व्हॉल्व्ह बंद दिसतो, पण तो पासिंग असतो, म्हणजे बंद असूनही पाणी जाऊ देतो. पंपाच्या कामाचा बारावा भाग पाणी उचलून पुन्हा खाली टाकण्यात जातो आणि कार्यक्षमतेच्या आकड्यात तो कुठेच दिसत नाही, कारण पंपाने ते पाणी प्रामाणिकपणे उचललेले असते. व्हॉल्व्हच्या पुढचा पाइप सतत गरम राहत असेल तर तेवढा पुरावा शंका घेण्यास पुरेसा आहे. तसेच फीड रेग्युलेटिंग स्टेशनवर (बॉयलरकडे जाणारे पाणी व्हॉल्व्हने कमी-जास्त करण्याच्या जागी) किती बार दाब खर्ची पडतो तेही पाहावे. एकीकडे पंपाने दाब चढवायचा आणि दुसरीकडे व्हॉल्व्हने तो मारायचा, यापेक्षा स्कूपने (हायड्रॉलिक कपलिंगमधील तेल कमी-जास्त करणाऱ्या नळीने) पंपाचा वेग उतरवणे केव्हाही चांगले.

प्रश्न : आयडी फॅनवर (धूरवायू ओढून चिमणीकडे पाठवणाऱ्या पंख्यावर) व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) बसवण्याचा प्रस्ताव आहे. वेग दहा टक्के घटला तर वीज २७ टक्के वाचते, असे त्यात म्हटले आहे. हे खरे आहे का? (देखभाल विभागातील वाचक)

उत्तर : गणित खरे आहे. पंख्याचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात, दाब वेगाच्या वर्गाच्या व शक्ती घनाच्या प्रमाणात बदलते, आणि ०.९ चा घन ०.७२९ होतो. पण वेग दहा टक्के घटवता येईल का, हे पंख्याला किती वायू ओढावा लागतो यावर ठरते. तेव्हा आधी तिकडे पाहू.

इकॉनॉमायझरनंतर (धूरवायूच्या उष्णतेने बॉयलरचे पाणी तापवणाऱ्या भागानंतर) धूरवायूत ३.५ टक्के ऑक्सिजन आहे, एअर प्रीहीटरनंतर (त्याच उष्णतेने ज्वलनाची हवा तापवणाऱ्या यंत्रानंतर) ६ टक्के आणि आयडी फॅनच्या तोंडाशी ८ टक्के, असे समजा. प्रीहीटरची गळती काढण्याचे प्रचलित सूत्र असे : बाहेरच्या व आतल्या ऑक्सिजनमधील फरकाला, २१ मधून बाहेरचा ऑक्सिजन वजा करून येणाऱ्या संख्येने भागावे व ९० ने गुणावे. येथे २.५ भागिले १५ गुणिले ९०, म्हणजे १५ टक्के गळती झाली. आता पूर्ण मार्ग पाहा. हवेचे प्रमाण (ज्वलनाला नेमकी लागणाऱ्या हवेच्या पटीत) ढोबळमानाने २१ भागिले (२१ वजा ऑक्सिजन) इतके धरले, तर ते बॉयलरच्या शेवटी १.२ असते आणि फॅनपाशी सुमारे १.६२ होते. म्हणजे ज्वलनाशी काहीही संबंध नसलेली, फटींतून आत शिरलेली हवा ओढण्यासाठी हा पंखा जवळपास ३५ टक्के अधिक काम करत आहे. आकारमान वाढले की वाहिन्यांतील दाबाची घटही वाढते, त्यामुळे विजेतील वाढ याहूनही मोठी असते.

ही हवा प्रीहीटरच्या झिजलेल्या सीलमधून, डक्टच्या फाटलेल्या एक्स्पान्शन जॉइंटमधून, नीट न बसलेल्या मॅनहोलमधून आणि ईएसपीच्या (धूरवायूतील राख विजेच्या साहाय्याने पकडणाऱ्या यंत्राच्या) हॉपरमधून, म्हणजे राख जमा होणाऱ्या नरसाळ्यांतून येते. ऑक्सिजन मोजताना मात्र डक्टमधील एकाच बिंदूवर विसंबू नये. मोठ्या डक्टमध्ये वायू एकजीव नसतो, म्हणून संपूर्ण छेदावर जाळी आखून बिंदूबिंदूंवर मोजमाप घ्यावे लागते. हे काम कंटाळवाणे आणि उष्ण जागी करायचे असते, म्हणून ते टाळले जाते. मी ज्या एका संचाच्या ऑडिटमध्ये होतो, तेथे वार्षिक बंदच्या काळात एक्स्पान्शन जॉइंट बदलल्यानंतर फॅनचा करंट इतका उतरला, की व्हीएफडीचा प्रस्ताव सगळे आकडे बदलून नव्याने लिहावा लागला. आधी व्हीएफडी घेतला असता, तर गळतीची हवा अधिक कार्यक्षमतेने ओढण्यासाठीच तो राबला असता.

गळती आटोक्यात आल्यावर व्हीएफडीचा विचार जरूर करावा. त्या वेळी सध्याचे नियंत्रण कशाने होते हे पाहावे. डॅम्पर (वायूच्या मार्गातील झडप) अर्धवट बंद ठेवून प्रवाह रोखला जात असेल तर लाभ मोठा असतो. हायड्रॉलिक कपलिंग असेल तर वेग आधीच उतरत असतो, त्यामुळे लाभ बराच कमी होतो. संच बहुतेक काळ पूर्ण भारावर आणि पंखा जवळपास पूर्ण वेगाने चालणार असेल, तर व्हीएफडीचा स्वतःचा अपव्ययच पदरी पडेल. शिवाय घनाचा हा नियम पाणी उंचावर चढवणाऱ्या पंपांना जसाच्या तसा लावू नये, कारण उंचीचा दाब वेग कमी केल्याने कमी होत नाही.

प्रश्न : थंडीत दोनपैकी एक कूलिंग वॉटर पंप बंद ठेवून अंतर्गत वापर कमी करता येईल का? (संचालन विभागातील वाचक)

उत्तर : वापर निश्चित कमी होईल, पण केंद्राचा फायदा होईलच असे नाही. थंड पाणी कमी झाले की कंडेन्सरचा निर्वात (वाफ ज्यात शिरते ती अतिशय कमी दाबाची स्थिती) बिघडू शकतो, आणि तो दहा मिलिमीटर पाऱ्याने बिघडला की हीट रेट ढोबळमानाने एक टक्क्याने वाढतो. २१० मेगावॉटच्या संचात एक टक्का म्हणजे २.१ मेगावॉट. बंद केलेला पंप १.२ मेगावॉट वाचवत असेल आणि निर्वात तेवढा उतरला, तर अहवालातील टक्केवारी सुधारलेली दिसेल आणि कोळसा मात्र जास्त जळेल. दुसरीकडे, कडाक्याच्या थंडीत व कमी भारावर निर्वात एका मर्यादेपलीकडे सुधारूनही टर्बाइनला त्याचा लाभ उठवता येत नाही. अशा वेळी पंप बंद करणे योग्य ठरू शकते. हे अंदाजाने ठरवू नये. भार स्थिर ठेवून दोन-दोन तास दोन्ही प्रकारे संच चालवावा आणि निव्वळ हीट रेट मोजावा. उरलेला पंप एकटा चालताना अधिक प्रवाह देऊ लागतो, म्हणून त्याचा करंट आणि सक्शनची पातळीही लक्षात ठेवावी.

प्रश्न : कार्यालयांतील दिवे आणि एसी बंद ठेवण्याच्या मोहिमेने कितपत फरक पडतो? (अनेक वाचक)

उत्तर : मोहीम अवश्य चालवावी, पण पंखे आणि पंपांच्या तुलनेत तो वाटा लहान आहे. तेवढ्याच श्रमांत कॉम्प्रेसरच्या हवेची गळती शोधली तर अधिक हाती लागते. इन्स्ट्रुमेंट एअर (नियंत्रणाची उपकरणे चालवणारी दाबाची हवा) चालू संचात बंद करता येत नाही, म्हणून सर्व्हिस एअरपासून (इतर सर्वसाधारण कामांच्या हवेपासून) सुरुवात करावी. हवा वापरणारे सर्व व्हॉल्व्ह बंद करून कॉम्प्रेसर चालवावा आणि तो किती वेळ लोडवर (हवा दाबत) व किती वेळ अनलोड (हवा न दाबता नुसता फिरत) राहतो ते घड्याळ लावून पाहावे. कोणीही हवा वापरत नसताना तो दोन मिनिटे लोडवर आणि तीन मिनिटे अनलोड राहत असेल, तर त्याच्या क्षमतेच्या ४० टक्के हवा गळतीत जाते आहे. गळती बुजवल्यावर हवेचा दाबही उतरवता येतो का ते पाहावे. ७ बारऐवजी ६ बार पुरत असेल तर कॉम्प्रेसरची वीज सहा ते दहा टक्क्यांनी कमी होते. ही चाचणी एका दुपारच्या पाळीत पूर्ण होते आणि तिला घड्याळाखेरीज कोणतेही उपकरण लागत नाही.