डेट्रॉइटला येताय आणि गाडीला गेज लावायचेत? डीलरला कुठे पैसे द्यावेत, कुठे स्वतः हात घालावा

नमस्कार. तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: चाकणहून डेट्रॉइटला बदली, आल्यावर दोन-तीन वर्षं वापरलेली सुबारू डब्ल्यूआरएक्स घ्यायची, तिला बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब) आणि ऑइल प्रेशर दाखवणारे गेज, डॅशकॅम आणि थंडीसाठी रिमोट स्टार्ट बसवायचा. पुण्यात शोरूमवाल्यांनी "वायर कापली की वॉरंटी गेली" असं बजावलं होतं, त्यामुळे इथेही सगळं डीलरकडूनच करून घ्यावं का?

सगळं नको. गेज आणि डॅशकॅम स्वतः लावा. एअरबॅग, चावीचं इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) आणि काचेवरचा कॅमेरा यांना धक्का लागणारं कुठलंही काम पैसे देऊन करून घ्या. या दोन टोकांच्या मध्ये ऑइल प्रेशरचा सेंडर, म्हणजे इंजिनावर बसून दाब मोजणारा आणि गेजला कळवणारा भाग, येतो. तो घरी बसवता येतो, पण तिथली चूक महागात पडते, म्हणून त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

आधी वॉरंटीची भीती. अमेरिकेत १९७५ सालचा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. बाहेरचा पार्ट लावला किंवा काम स्वतः केलं एवढ्याच कारणावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. त्या पार्टमुळे किंवा त्या कामामुळेच बिघाड झाला, हे त्यांना दाखवावं लागतं. गेज लावलेल्या गाडीची पॉवर विंडो बंद पडली तर ती वॉरंटीतच बसते. पण तुम्ही घट्ट न केलेल्या फिटिंगमधून ऑइल गळून इंजिन जाम झालं, तर नकार रास्त आहे आणि तिथे भांडून उपयोग नाही. नकार मिळाला तर तो कारणासकट लेखी मागा. सुबारूची इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी ५ वर्षं किंवा ६०,००० मैल असते. ती शिल्लक असेपर्यंत ईसीयू ट्यूनच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलण्याच्या, वाटेला जाऊ नका. गेज फक्त वाचतो, पण ट्यून इंजिनाचं वागणं बदलतो, आणि तो केल्याची खूण ईसीयूत राहते.

आता पैशांचं. डीलरचा मजुरीचा दर बहुतेक ठिकाणी तासाला १५० ते २५० डॉलर असतो, आणि बिल घड्याळाप्रमाणे नव्हे तर प्रत्येक कामाला पुस्तकात आधीच ठरवून दिलेल्या तासांप्रमाणे होतं. बाहेरच्या गेजला पुस्तकात तास नसतात, म्हणून ते अंदाजाने सांगतात. दोन गेजचे तीन-चार तास धरले तर मजुरीच ४५० ते १,००० डॉलर होते. त्यावर 'शॉप सप्लाइज'ची किरकोळ रक्कम लागते ती वेगळीच. शिवाय तुम्ही आणलेला पार्ट लावायला बरेच डीलर नाही म्हणतात, आणि लावलाच तर त्या कामाची हमी देत नाहीत. घरी केलंत तर चांगला इलेक्ट्रॉनिक गेज १५० ते २५० डॉलर, पॉड (गेज बसवायची वाटी) ३० ते ८०, वायर आणि फ्यूज टॅपचं (फ्यूजच्या खाचेतून वीज घेणारा जोड) सामान ४०, आणि पहिल्यांदाच करत असाल तर हत्यारं साधारण १५०. हत्यारं पुढे कामाला येतातच. एखादं महागडं हत्यार एकदाच लागणार असेल तर ऑटोझोन किंवा ओरायलीसारख्या दुकानांत ते अनामत भरून नेता येतं आणि परत केल्यावर पैसे मिळतात.

गाडी घेताना सही करायच्या खोलीत एक गोष्ट हमखास होते. 'पॅकेज'च्या नावाखाली टायरात नायट्रोजन, काचेवर नंबर कोरणं, पेंटवर कोटिंग, दाराच्या कडांच्या पट्ट्या असं काहीबाही कर्जात घातलं जातं. नवीन आलेल्याला इथे क्रेडिट हिस्टरी नसते, व्याज जास्त लागतं. १,२०० डॉलरचं पॅकेज १२ टक्क्यांनी ६० महिन्यांत फेडलं तर हातचे १,६०० जातात. हे काढून टाका म्हणावं, आणि काढल्यावरचा आकडा कागदावर बघूनच सही करावी.

कुठला गेज घ्यायचा, हे ठरवण्याआधी गाडी आपणहून काय दाखवते ते बघा. २०१५ पासूनच्या डब्ल्यूआरएक्समध्ये डॅशवरच्या स्क्रीनवर बूस्ट दिसतोच. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ सॉकेट (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायची जागा) सक्तीचं आहे. त्यात वीस-तीस डॉलरचा अॅडॉप्टर लावला की कूलंटचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान, बॅटरीचे व्होल्ट फोनवर येतात. (गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर अॅडॉप्टर काढून ठेवा, तो बॅटरी पितो.) ऑइल प्रेशर मात्र बहुतेक गाड्यांत यातून मिळत नाही, कारण इंजिनावर सेन्सर नसून नुसता स्विच असतो. दाब पाच-सात पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं माप) कोसळला की लाल दिवा लागतो, तोवर बेअरिंगचं नुकसान झालेलं असू शकतं. म्हणून माझ्या मते बूस्टचा गेज सोडा आणि ते पैसे चांगल्या ऑइल प्रेशर गेजमध्ये घाला.

गेजचं प्रचलित माप ५२ मिलिमीटर. तो समोरच्या काचेशेजारच्या खांबावर लावायची पद्धत जुन्या गाड्यांतली आहे. आता त्या खांबातून पडद्यासारखी एअरबॅग जाते, आणि खांबाच्या प्लास्टिकवर 'एसआरएस एअरबॅग' कोरलेलं असतं. तिथे पॉड स्क्रूने बसवला तर एअरबॅग उघडताना तोच गेज डोक्याकडे येतो. स्टिअरिंग कॉलमवरचा किंवा मधल्या एसीच्या जाळीतला पॉड घ्या. डॅशकॅमची वायरही त्या खांबातून नेताना एअरबॅगच्या मागून न्यायची, पुढून कधीच नाही. खांबाचं प्लास्टिक काढताना वरची क्लिप एका पट्टीने अडकलेली असते. ती ओढून तोडू नका, ९० अंशात फिरवून सोडवायची असते. पिवळी वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला की तो एअरबॅगचा. त्याला मल्टिमीटरही लावायचा नाही. आत हात घालण्याआधी बॅटरीची ऋण बाजू सोडून दहा मिनिटं थांबा.

वायरिंगला चार टोकं लागतात: चावी फिरवल्यावर येणारे १२ व्होल्ट, कायमचे १२ व्होल्ट, दिव्यांची वायर आणि अर्थ (गाडीच्या धातूच्या बॉडीला जोडायचं ऋण टोक). पहिल्या दोन्हींसाठी गाडीची वायर कापायची गरज नाही, फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज टॅप बसतो. तो घेण्याआधी एक फ्यूज उपसून बघा, कारण मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो-२ असे वेगवेगळे आकार असतात आणि एकाचा टॅप दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. टॅपला उलटसुलट बाजू असते. फ्यूज काढून मल्टिमीटरने बघा, खाचेच्या दोन पाकळ्यांपैकी एकीवरच १२ व्होल्ट येतात. टॅपचा ज्या पायातून वायर निघत नाही तो पाय त्या जिवंत पाकळीत जायला हवा. उलटा बसवला तर तुमचा भार गाडीच्या मूळ फ्यूजमधून जातो आणि तो फ्यूज विनाकारण उडू शकतो. गेज एक अॅम्पिअरही घेत नाही, म्हणून टॅपमध्ये २ किंवा ३ अॅम्पिअरचा फ्यूज पुरतो. एअरबॅग, एबीएस आणि इंजिनाच्या ईसीयूच्या फ्यूजवर टॅप लावू नका. सिगारेट लायटरचा बरा.

वायर इथे चौरस मिलिमीटरमध्ये नाही, एडब्ल्यूजीमध्ये मिळते, आणि आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक. १८ नंबर म्हणजे साधारण ०.८ चौरस मिलिमीटर, गेजला तेवढी भरपूर. वायरीला चावून बसणारे निळे-लाल टी-टॅप घेऊ नका. ते तांब्याचे दोन-चार धागे तोडतात, उरलेले हादऱ्याने तुटतात, आणि सहा महिन्यांनी गेज कधी चालतो कधी नाही अशी कटकट सुरू होते. क्रिम्प करा (चिमट्याने दाबून जोडा) आणि त्यावर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा. अर्थ डॅशबोर्डखालच्या बॉडीला भिडलेल्या बोल्टवर द्या. तिथला रंग खरवडून धातू चकचकीत करा, कारण रंगावर बसवलेला अर्थ गेजचा काटा नाचवतो. दिव्यांच्या वायरने गेज लुकलुकला तर वायरिंग चुकलंय असं नाही. गाडी दिवे पल्सने मंद करते आणि गेजला ते समजत नाही. ती वायर सोडून द्या.

आता सेंडर. तो ऑइल बदलतानाच बसवा. सोपा मार्ग म्हणजे इंजिन आणि ऑइल फिल्टर यांच्यामध्ये बसणारी सँडविच प्लेट. सुबारूच्या फिल्टरचा आटा एम२० गुणिले १.५ आहे, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांचा पाऊण इंच, १६ आट्यांचा. प्लेट आपल्याच आट्याची घ्या. इंजिनाच्या फिल्टर बसायच्या जागेवर जुना रबरी गॅस्केट चिकटून राहिलेला नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोन गॅस्केट एकावर एक बसले की इंजिन चालू होताच ऑइल बाहेर फेकलं जातं.

सगळ्यात जास्त चुका आट्यांच्या जातीत होतात. अमेरिकन सेंडरचा आटा बहुधा एक-अष्टमांश एनपीटी (अमेरिकन पाइपच्या आट्याचं माप), म्हणजे इंचाला २७ आटे. जपानी इंजिनाच्या मूळ स्विचचा एक-अष्टमांश बीएसपीटी (ब्रिटिश पाइपच्या आट्याचं माप), इंचाला २८. हाताने दोन फेरे दोन्ही एकमेकांत जातात, म्हणून फसायला होतं. पुढे पान्ह्याने जोर दिला की एकतर गळती, नाहीतर अॅल्युमिनियमला तडा. सेंडर मूळ स्विचच्या जागी लावणार असाल तर मध्ये योग्य अॅडॉप्टर हवाच. दोन-तीन पितळी जोड एकापुढे एक लावून त्याच्या टोकाला जड सेंडर लटकवणंही टाळा. हादऱ्याने पितळ आट्यापाशी तुटतं आणि दाबाखालचं ऑइल गरम एक्झॉस्टवर पडतं, म्हणजे आगीलाच आमंत्रण. लांब न्यायचं असेल तर विणलेल्या स्टीलच्या आवरणाचा होज घ्या आणि सेंडर बॉडीला क्लॅम्प करा.

सेंडरला एकच वायर असेल तर त्याचं अर्थिंग आट्यांतूनच होतं, तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळलीत तर रीडिंग चुकतं. पहिले दोन आटे सोडून पातळसा लिक्विड सीलंट लावा. बॉनेटमधून आत वायर नेण्यासाठी फायरवॉलला भोक पाडू नका, मूळ वायरिंगच्या रबरी ग्रोमेटमधून (भोकातल्या रबरी बुचातून) कडक तार घुसवून तिच्या मागे वायर ओढून घ्या.

इंजिन चालू करून दोन मिनिटं टॉर्चने बघा, मग दहा मैल चालवून, मग शंभर मैलांनंतर. गरम इंजिनाला दर १,००० आरपीएममागे साधारण १० पीएसआय हा जुना ठोकताळा धरता येतो. जानेवारीत उणे पंधरा अंशात पहिल्यांदा चालू केल्यावर काटा फार वर दिसेल. ऑइल घट्ट असतं, घाबरू नका, गरम होईपर्यंत आरपीएम वाढवू नका एवढंच.

रिमोट स्टार्टचं मात्र आधी गिअरबॉक्स बघून ठरवा. डब्ल्यूआरएक्स बहुतेक मॅन्युअल मिळतात, आणि मॅन्युअल गाडी गिअरमध्ये उभी असताना लांबून स्टार्ट केली तर ती पुढे उडी मारते. पुढे मूल असेल, भिंत असेल. मॅन्युअलला लावू नका, गरम होणाऱ्या सीटची गाडी शोधा. ऑटोमॅटिक असेल तर पैसे द्या, पण डीलरकडेच जायला हवं असं नाही. ऑडिओ आणि अलार्म बसवणारी स्वतंत्र दुकानं असतात, तिथे एमईसीपी (गाडीत इलेक्ट्रॉनिक्स बसवणाऱ्यांचं) प्रमाणपत्र असलेला माणूस मागा. ऑटोमॅटिकला, आणि अलीकडच्या मॅन्युअललाही, बहुधा आयसाइटचे (समोरचा धोका ओळखून ब्रेक लावणारी सुबारूची यंत्रणा) दोन कॅमेरे आरशाच्या दोन्ही बाजूंना असतात. डॅशकॅम त्यांच्या नजरेत येता कामा नये. काच बदलावी लागली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (नेम पुन्हा जुळवणं) मात्र पैसे देऊनच करून घ्या. आणि रिकॉलचं काम कुठल्याही अधिकृत डीलरकडे फुकट होतं, त्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

मिशिगनमध्ये गाडीची वार्षिक तपासणी किंवा धुराची चाचणी नाही, म्हणून कोणी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा सल्ला देईल. तो काढणं देशभर बेकायदा आहे. पुढे कॅलिफोर्नियाला बदली झाली तर साधा एअर इनटेकसुद्धा तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाच्या मंजुरी क्रमांकाशिवाय धुराच्या तपासणीत पास होत नाही. मूळ काढलेले पार्ट खोक्यात जपून ठेवा. लीजवर गाडी घेतलीत तर परत देताना ते लागतीलच.

काम करायची जागाही बघावी लागते. बऱ्याच अपार्टमेंटच्या करारात पार्किंगमध्ये दुरुस्ती करायला मनाई असते, सही करण्याआधी ते कलम वाचा. डॅशचं प्लास्टिक थंडीत ठिसूळ होतं, क्लिपा पटापट तुटतात, आणि दुहेरी चिकटपट्टी १० अंशांखाली धरत नाही. हिवाळ्यात करायचंच असेल तर आधी अर्धा तास हीटर लावा.

भारतातून मल्टिमीटर, क्रिम्पिंगचा चिमटा आणि १० मिलिमीटरचे दोन-तीन सॉकेट आणा, ते फार हरवतात. सोल्डरिंग आयर्न आणि ड्रिल आणू नका. २३० व्होल्टचं २५ वॉटचं आयर्न इथल्या १२० व्होल्टवर सातेक वॉटच देतं, त्यावर कथील वितळत नाही.

सगळं जोडल्यावर गाडी बंद करून, दारं लावून अर्ध्या-पाऊण तासाने बॅटरीतून किती प्रवाह जातो ते मोजा. ५० मिलिअॅम्पिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर आधी तुमचा फ्यूज टॅप काढून पुन्हा मोजा. एप्रिलमध्ये बर्फ संपला की बॉनेटखालचे आणि गाडीच्या पोटाखालचे जोड उघडून बघा. इथे रस्त्यावर टाकलेलं मीठ तांबं हिरवं करतं, म्हणून बाहेरच्या प्रत्येक कनेक्टरमध्ये बसवतानाच डायइलेक्ट्रिक ग्रीस (पाणी आणि मीठ आत न येऊ देणारं) भरून ठेवा.