भाबडा, भोळा, अंध की साधा? ‘विश्वासा’चं विशेषण

इंदूरच्या एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. माहेर नगरकडचं, सासर इंदूरचं. घरात मराठी पवित्र शास्त्र (बायबल), घराबाहेर सगळा व्यवहार हिंदीत. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, अंकासाठी त्या आपली साक्ष, म्हणजे देवावरच्या विश्वासाचा आपला अनुभव, लिहीत आहेत आणि एका वाक्यापाशी अडल्या आहेत: ‘मला सगळ्या प्रश्नांची उत्तरं ठाऊक नाहीत, ती मिळालीच पाहिजेत असा हट्टही नाही, माझा प्रभूवर भाबडा विश्वास आहे.’ नंतर त्यांनी ‘भाबडा’ खोडून ‘भोळा’ लिहिलं. इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा म्हणाला, ‘आई, याला अंधविश्वास म्हणतात.’ तर यातला कोणता शब्द योग्य, असं त्या विचारतात.

ताई, आधी मुलाचा शब्द घेऊ. ‘अंधविश्वास’ हा हिंदीतून आलेला. तुमच्याकडे तो बोलण्यात सहज येतो, पण मराठीत त्या अर्थी ‘अंधश्रद्धा’ रुळला आहे. हा शब्द ऐकला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मांत्रिक, करणी, अंगारे-धुपारे, नरबळी येतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ सालची, जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालचा. त्या चळवळीने हा शब्द घराघरांत नेला. तिचा रोख होता भीती घालून लुबाडणाऱ्यांवर. उत्तर ठाऊक नसतानाही प्रार्थना करणाऱ्या बाईला तो शब्द लावणं मला पटत नाही.

गंमत अशी की ‘आंधळा विश्वास’ हे आपण प्रेमानेही म्हणतो. ‘वहिनींवर माझा आंधळा विश्वास आहे’, ‘त्यांच्या हातात किल्ल्या डोळे झाकून देईन.’ यात निंदा नाही. ज्याला इतकी वर्षं पाहिलं त्याच्यापुढे डोळे झाकले तरी चालतात, असा त्याचा अर्थ. पण ‘अंध’ हा संस्कृत शब्द समासात पुढे बसला की दोषच दाखवतो: अंधश्रद्धा, अंधानुकरण, अंधभक्ती.

‘भाबडा’ तर नकोच. भाबड्या माणसाची आपल्याला माया वाटते, पण तो फसणार हेही आपण धरूनच चालतो. ‘भाबडी आशा’ म्हणजे पुरी न होणारी आशा. साक्षीत हा शब्द वापरलात तर वाचणारा तुमची कीव करेल.

‘भोळा’ मात्र अवघड आहे, कारण त्याचे दोन वारसे आहेत. वारकरी परंपरेत भोळा भाव म्हणजे निष्कपट भक्ती, आणि ती थोरवीच. ‘भाव तेथे देव’ म्हणणाऱ्या मराठीला हा शब्द मनापासून आवडतो. पण तुमच्या हातातल्या पवित्र शास्त्रात नीतिसूत्रांचं पुस्तक उघडा. तिथला ‘भोळा’ म्हणजे ज्याला अजून चातुर्य शिकवायचं आहे तो. चौदाव्या अध्यायात म्हटलं आहे की भोळा कोणी काही सांगितलं की खरं मानतो, शहाणा नीट पाहून पाऊल टाकतो. म्हणजे शेजारचे मराठी हिंदू वाचक ‘भोळा विश्वास’ वाचून मान डोलावतील, आणि मंडळीतल्या जाणत्या आजी भुवई उंचावतील. तुमचा अंक दोघांच्याही घरी जाणार असेल तर हे ध्यानात ठेवा.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहावंसं वाटलं तिकडे येतो. विशेषणापेक्षा तुमच्या वाक्याचा सांगाडा जास्त बोलका आहे. मराठीत दोन रचना आहेत. ‘मला विश्वास आहे की परीक्षा सोपी जाईल’ आणि ‘माझा बाईंवर विश्वास आहे.’ पहिलीत ‘मला’ आहे, ‘की’ आहे आणि पुढे एक विधान आहे. विधान चुकलं तर तो विश्वास कोसळतो. दुसरीत ‘माझा’ आहे आणि ‘-वर’ आहे. पुढे माणूस आहे. त्या माणसाची प्रत्येक गोष्ट समजली पाहिजे अशी अट त्यात नाही. बाईंनी एखादं गणित का तसं सोडवलं हे कळलं नाही तरी ‘माझा बाईंवर विश्वास आहे’ हे वाक्य खोटं ठरत नाही.

मराठी ख्रिस्ती लोक ‘विश्वास’ बहुतेक या दुसऱ्या रचनेतच वापरतात. शिवाय इंदूरच्या मराठीत ‘विश्वास कर’ ऐकू येतं, ते ‘विश्वास करो’चं मराठी रूप. आपलं क्रियापद ‘ठेवणे’. ठेवायचं ते कुणाजवळ तरी, कुणावर तरी. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पहिल्याच अध्यायात येशूचा प्रेषित पौल कैदेतून लिहितो की मी ज्याच्यावर विश्वास ठेवला आहे त्याला मी ओळखतो, आणि तो माझी ठेव राखायला समर्थ आहे. मराठी भाषांतरात ‘ठेवला’ आणि ‘ठेव’ असे एकाच धातूचे दोन शब्द शेजारी आले आहेत. मूळ ग्रीकमध्ये हा मेळ नाही. तो मराठीचा आहे, आणि मला फार आवडतो. शिवाय पौल ‘काय मानतो ते जाणतो’ म्हणत नाही, ‘ज्याच्यावर... त्याला’ म्हणतो. तो तुरुंगात का पडला आहे, सुटेल की नाही, याचा उलगडा त्या वाक्यात नाही.

याच नात्यातला एक जुना शब्द सांगायला हवा. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंचं मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं. गोव्याच्या त्या ख्रिस्ती परंपरेत विश्वासाला शब्द आहे ‘भावार्थ’. कोकणीत ख्रिस्ती लोक आजही तो वापरतात, विश्वासणाऱ्यांना ‘भावार्थी’ म्हणतात. आपल्याकडे ‘भावार्थ’ म्हणजे कवितेखाली लिहायचा मथितार्थ! एकाच शब्दात तिकडे भरवसा उरला आणि इकडे स्पष्टीकरण.

मुलाचा मुद्दा मात्र झटकू नका. प्रश्न विचारणं विश्वासाच्या विरुद्ध आहे असं तुमचं शास्त्रच म्हणत नाही. येशू पुन्हा उठला यावर विश्वास न बसलेल्या थोमा या शिष्याने त्याच्या जखमा पाहायला मागितल्या, त्याला हात दाखवले गेले. सगळं गमावलेल्या ईयोबाने तर देवालाच जाब विचारला, आणि त्याच्या पुस्तकाच्या ३८व्या अध्यायापासून त्याला उत्तरादाखल प्रश्नच मिळाले. पण ‘विचारू नकोस’ म्हणून त्याला कुणी हाकललं नाही. आजारी मुलाचा बाप मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. दोन्ही एका दमात.

तुम्हाला जे म्हणायचं आहे त्याच्या सगळ्यात जवळ जातं स्तोत्र १३१. तीनच वचनांचं आहे. माझ्या आवाक्यापलीकडच्या मोठ्या गोष्टींत मी पडत नाही, असं म्हणून स्तोत्रकार आपल्या जिवाला दूध तुटलेल्या बाळाची उपमा देतो. तान्ह्या बाळाची नव्हे, हे नीट पाहा. अंगावरचं दूध तोडताना मूल किती रडतं, रात्ररात्र कसं जागवतं, हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. ते सगळं झाल्यावर ते आईजवळ बसतं तेव्हा त्याला दूध नको असतं, आई हवी असते. त्याचं दूध का तोडलं हे त्याला कुणी समजावून सांगितलेलं नसतं. याला भाबडेपणा कसं म्हणणार?

म्हणून ‘साधा’ लिहा. नुसता ‘साधा’ हा चहाच्या टपरीवरल्यासारखा ‘स्पेशल’च्या खालचा वाटत असेल तर ‘साधासरळ’ लिहा. विशेषण गाळलंत तरी वाक्य उभं राहतं: ‘मला सगळ्या प्रश्नांची उत्तरं ठाऊक नाहीत, माझा प्रभूवर विश्वास आहे.’ मला हेच जास्त आवडलं, कारण स्वल्पविरामाच्या अलीकडचं कबूल करूनच पलीकडचं म्हटलेलं आहे. तुमच्या मजकुरात पुढे एके ठिकाणी ‘मी विश्वास करते’ आलं आहे, ते तेवढं ‘ठेवते’ करा. आणि मुलाचं ते वाक्य साक्षीतून काढू नका, आहे तसं, त्याच्याच शब्दांत राहू द्या.