होसे आल्फ्रेदो हिमेनेस यांच्या चाली नेमक्या कोणाच्या?

ज्या माणसाला स्वरलेखन येत नव्हते आणि एकही वाद्य वाजवता येत नव्हते, त्याच्या नावावरच्या चाली खरोखर त्याच्याच कशावरून, असे आपण विचारले आहे. शंका रास्त आहे. उत्तर मात्र सरळ आहे. मेक्सिकोचे गीतकार-संगीतकार होसे आल्फ्रेदो शब्द आणि चाल एकदमच रचत, ती गुणगुणून किंवा गाऊन दाखवत, आणि रुबेन फुएन्तेस यांच्यासारखे जाणकार संयोजक ती कागदावर उतरवून तिच्याभोवती मारियाची या मेक्सिकन वाद्यवृंदाची व्हायोलिने आणि ट्रम्पेट बसवत. साज फुएन्तेस यांचा, पण चाल होसे आल्फ्रेदो यांचीच.

त्यांचा जन्म १९ जानेवारी १९२६ रोजी ग्वानाह्वातो प्रांतातील दोलोरेस इदाल्गो येथे झाला. वडिलांचे औषधांचे दुकान होते. ते लवकर वारले आणि मुलगा मेक्सिको सिटीत आला. तेथे त्याने 'ला सिरेना' नावाच्या उपाहारगृहात वेटरचे काम केले, आणि फुटबॉलमध्ये तो गोलरक्षक म्हणूनही खेळला. (गोलरक्षणातून राँचेरा, म्हणजे मेक्सिकोच्या ग्रामीण ढंगाच्या संगीताकडे वळलेले दुसरे नाव मला तरी आठवत नाही.) १९५० मध्ये आंद्रेस ऊएस्का यांनी त्यांचे 'यो' हे गाणे ध्वनिमुद्रित केले, ते गाजले, आणि पुढे पेद्रो इन्फान्ते यांच्यापासून चावेला वार्गास यांच्यापर्यंत अनेकांनी त्यांची गाणी गायली.

माझ्या मते त्यांचे खरे बळ चालीपेक्षा शब्दांत आहे. दारूच्या गुत्त्यात शेजारी बसलेला माणूस ज्या भाषेत बोलेल, त्याच भाषेत ते लिहीत. १९७१ च्या 'एल रे' ('राजा') या गाण्यातला नायक सिंहासन नाही, राणी नाही, समजून घेणारेही कोणी नाही, असे सगळे कबूल करतो आणि तरीही राजा मीच, असे ठासून सांगतो. ऐकणाऱ्याला त्याचे हसूही येते आणि कीवही. गाण्यांतली दारू त्यांच्या आयुष्यातही होतीच. २३ नोव्हेंबर १९७३ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, यकृताच्या विकाराने त्यांचे निधन झाले.

एकच गाणे ऐकायचे असेल, तर 'कामिनो दे ग्वानाह्वातो' ऐकावे. 'आयुष्याला काही मोल नाही' अशी त्याची सुरुवात आहे. मग गाणे प्रांतातल्या एकेका गावावरून जाते, फक्त सालामांका टाळायला सांगते, कारण तेथे आठवण जिव्हारी लागते. त्यांच्या भावाचा मृत्यू त्या गावी झाला होता. शेवटी टेकडीपलीकडे दोलोरेस इदाल्गो दिसू लागते आणि गायक म्हणतो, मी येथेच थांबतो. त्यांची समाधी त्याच गावी आहे. तिच्यावर भलीमोठी सोम्ब्रेरो टोपी आहे, आणि खाली रंगीत तुकड्यांच्या सारापेवर, म्हणजे मेक्सिकन पांघरुणाच्या आकृतीवर, त्यांच्या गाण्यांची नावे आहेत.