आई-बाबा (दोघंही साठीच्या पुढे) आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन भूतानला जातोय. टायगर्स नेस्ट (कड्यावरचा बौद्ध मठ, चढून जावं लागतं) जमेल का?

जमेल. फक्त सगळ्यांनी वरपर्यंत पोचायलाच हवं असा हट्ट धरू नका. आम्ही तो धरला होता.

आम्ही पाच जण: आई-बाबा, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांचा मुलगा. काळजी होती ती आईच्या गुडघ्यांची. बाबा आजही दर रविवारी सिंहगड चढतात, त्यामुळे त्यांचा कोणी विचारच केला नाही. तक्त्संगचा (टायगर्स नेस्टचं तिथलं नाव) चढ आहे जेमतेम पाचशे मीटरचा, पण वाटच सुरू होते २६०० मीटरच्या आसपास आणि मठ आहे ३१२० मीटरवर. त्यात आम्ही पारोला (तिथलं विमानतळाचं गाव) उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी निघालो, हा शुद्ध गाढवपणा. कॅफेटेरिया यायच्या आतच बाबांचं डोकं ठणकायला लागलं, दोन वाक्यं बोलली की धाप. गाइडने पुढे जाऊ दिलं नाही. बायको त्यांच्याजवळ थांबली. विरळ हवा सिंहगडाच्या वाऱ्या मोजत नाही. तुम्ही थिंपू-पुनाखा आधी करा आणि हे शेवटच्या दिवसावर ठेवा.

कॅफेटेरिया साधारण अर्ध्या वाटेवर आहे. समोर कड्याला चिकटलेला मठ दिसतो, चहा मिळतो. ज्यांना दमायला झालंय त्यांनी इथे बिनधास्त थांबावं. घोडेही इथपर्यंतच येतात, तेही चढताना. उतरायचं सगळ्यांनी पायीच. म्हणून पायथ्याशी भाड्याच्या काठ्या घ्याच. तिकीटही तिथेच काढा, वर मिळत नाही.

खरी परीक्षा शेवटी. मठ अगदी समोर, हाक मारली तर ऐकू जाईल इतका जवळ येतो आणि पायऱ्या चक्क खाली जायला लागतात. धबधब्याजवळच्या पुलापर्यंत उतरायचं, मग पुन्हा चढायचं, आणि परतताना हेच उलटं. मुलीचा हात इथे सोडू नका. कड्याच्या कपारींत मातीचे बोटभर स्तूप ओळीने ठेवलेले दिसतील. त्यांना त्सा-त्सा म्हणतात, मृतांच्या नावाने ठेवतात. मुलं उचलायला जातात, आधीच सांगून ठेवा.

आत जाताना मोबाइल, कॅमेरा, बॅगा सगळं दारात जमा. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, टोपी काढायची. बूटही काढावे लागतात आणि फरशी बर्फासारखी गार, तेव्हा जाड मोजे हवेतच. आठव्या शतकात बौद्ध गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून इथे आले आणि गुहेत ध्यानाला बसले, अशी श्रद्धा आहे. मठ १६९२चा, पण १९९८च्या आगीनंतर पुन्हा बांधलेला. "मग जुनं काय राहिलं?" मुलाने विचारलं. "गुहा," गाइड म्हणाला.

एका भिक्खूने तळहातावर केशराचं पाणी घातलं. आम्ही बापलेक बघत राहिलो. आईने मात्र तीर्थ घ्यावं तसं ते पिऊन ओला हात डोक्यावरून फिरवला. तिथली पद्धतही नेमकी हीच निघाली.

हो, गुडघेवाली आई वर पोचली. बाबांनी आतले फोटो मागितले. ते नव्हतेच, त्यामुळे गाडीपर्यंतच्या सगळ्या उतारावर तिने त्यांना मठ तोंडी दाखवला, मध्ये मध्ये "तुम्ही असायला हवं होतात" घालून.