आमच्या मंडळीचा (चर्चचा) ग्रुप नेपाळला घरं बांधायला चाललाय. बांधकामाचा अनुभव नसताना मी जावं का?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात तुमच्या मंडळीतून नेपाळच्या जाजरकोट जिल्ह्यात २०२३ च्या भूकंपग्रस्तांची घरं बांधायला माणसं जाणार आहेत. तुमचा सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, पण साइटवर कधी काम केलेलं नाही. खर्च ज्याचा त्याने करायचा आहे. आणि घरचे म्हणतात, आपल्याच गावातली घरं पडायला आलीत, मग परदेशात कशाला?

भाऊ, जा. पण बिगारी म्हणून जा, आणि जाण्याआधी स्वतःच्या तालुक्यातल्या एखाद्या घरकुलावर राबून जा. बाकीचं सगळं या दोन गोष्टींच्या मागून येतं.

मी अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. वडील गवंडी होते, मीही तेच काम करतो, आणि घरची थोडी कोरडवाहू शेती आहे. आमची मंडळी जुन्या अलायन्स मिशनच्या, म्हणजे वऱ्हाडात आलेल्या परदेशी मिशनऱ्यांच्या, काळापासूनची. २०१५ च्या भूकंपानंतर आमच्या भागातल्या काही मंडळ्यांनी मिळून नेपाळच्या धादिंग जिल्ह्यात माणसं पाठवली, त्यांत मी होतो. तूर निघाली होती, शेतात काम नव्हतं, आणि आमच्या पाळकांना (पास्टरांना) गवंडीकाम येणारा माणूस हवा होता.

तो भूकंप २५ एप्रिल २०१५ ला झाला. शनिवार, दुपारचे बारा वाजायला चार मिनिटं कमी. नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी असते, म्हणून तिथल्या मंडळ्यांची उपासनाही शनिवारीच भरते. शाळा बंद होत्या म्हणून असंख्य लेकरं वाचली. आणि चर्चमध्ये माणसं बसलेली होती, म्हणून कित्येक गावांत मंडळीतलेच लोक ढिगाऱ्याखाली गेले. हे मला तिथे पोचल्यावर कळलं, जिथे घडलं त्या जागेवर उभं राहून. सगळ्या देशात मिळून सुमारे ९,००० माणसं गेली आणि पाच लाखांच्या आसपास घरं पार भुईसपाट झाली.

घरं का पडली ते गवंड्याला बघताक्षणी समजत होतं. दगडाच्या जाड भिंती, मातीचा गारा, आतला थर वेगळा आणि बाहेरचा वेगळा. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड नाही, कोपरे एकमेकांत गुंतवलेले नाहीत. जमीन हलली की अशी भिंत पोट काढते आणि दोन्ही बाजूंना उलगडून पडते, वरून छताचा भार येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत अशाच भिंतींनी माणसं गाडली. आपल्या वऱ्हाडातली जुनी धाब्याची घरंही याच जातीची आहेत. म्हणून नेपाळात जे शिकाल ते आपल्याकडे वाया जाणार नाही.

नव्या घरांना सरकारी नियम होते. जोत्यावर, खिडकीच्या खाली, दारा-खिडक्यांच्या वर आणि छताखाली चारही भिंतींना कंबरपट्ट्यासारखा फिरणारा पट्टा हवा, काँक्रीटचा किंवा लाकडाचा. ठरावीक अंतरावर आरपार दगड हवेत. घरासाठी सरकार ३ लाख नेपाळी रुपये देत होतं. आपले १०० म्हणजे तिकडचे १६०, हा दर ठरलेला आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने १ लाख ८७ हजार ५००. तेही एकदम नाही. आधी ५० हजार, मग दीड लाख, मग एक लाख, आणि पुढचा हप्ता सुटण्याआधी इंजिनियर येऊन काम तपासणार. आता विचार करा. तुमच्या हातून पट्ट्यातली सळई चुकीची बांधली गेली, किंवा आरपार दगड घालायचे राहिले, तर तुम्ही परतीच्या गाडीत बसाल आणि त्या घराचा हप्ता अडून राहील. हौसेच्या हातांनी भिंत रचू नये म्हणतो ते यासाठी.

मी स्वतः गवंडी, तरी तिथल्या मिस्त्रीने सुरुवातीला मला कोपऱ्याचा दगड लावू दिला नाही, आणि ते मला अगदी बरोबर वाटलं. आपल्याकडचा काळा दगड वेगळा. तिकडचा चपटा, थरांथरांचा, त्याची नस पाहून तो कसा फोडायचा हे त्यांनाच ठाऊक. कोपरे तो उभारायचा, ओळंबा तो लावायचा, दोरी ताणली की मधला भाग आम्ही भरायचो, तोही त्याच्या नजरेखाली. बाकी बहुतेक वेळ आम्ही वाहतूकच केली. रस्ता गावाच्या खूप खाली संपत होता. तिथून रेती, सिमेंट, सळया, पत्रे, सगळं पाठीवर वर न्यायचं. आमची माणसं घमेलं डोक्यावर घेऊन निघाली, पण चढावर ते निभत नाही. तिथल्या बाया डोको, म्हणजे बांबूची टोपली, पाठीवर घेतात आणि त्याचा पट्टा कपाळावर. तो शिकेपर्यंत मानेचे हाल झाले. काँक्रीटला पाणी मारायचं तर तेही दूरच्या धारेवरून आणायचं. भूकंपानंतर गावाजवळची धार आटली होती.

तुम्हाला वाटेल, एवढ्यासाठी विदर्भातून माणूस कशाला न्यायचा? गावात माणसं नव्हती का? नव्हती, हेच खरं कारण आहे. ज्या घरी आम्ही राबलो तिथे म्हातारा-म्हातारी, सून आणि लेकरं. एक मुलगा कतारला, दुसरा मलेशियाला. डोंगरातल्या गावागावांत हीच गत होती. तरणे हात बाहेर कमवायला गेलेले आणि एकाच वेळी लाखो घरं उभी करायची. मिस्त्रीची मजुरी वाढलेली, बिगारी मिळत नाही. पैसा येत होता, पण दगड वर नेणार कोण? अशा ठिकाणी अनुभव नसलेल्या माणसाचेही हात खरोखर कामाचे असतात. जिथे गावात रिकामे हात आहेत तिथे मात्र तुम्ही जाऊन कोणाची तरी रोजी मारता. म्हणून पाळकांना पहिलं हे विचारा: जाजरकोटच्या त्या गावात मजूर मिळत नाहीत म्हणून आपल्याला बोलावलंय, की आपल्याला जायचंय म्हणून गाव शोधलंय?

दुसरं पैशाचं. १९९८ मध्ये मिच नावाच्या चक्रीवादळाने होंडुरासमध्ये घरं उद्ध्वस्त केली. अमेरिकेतून चर्चचे ग्रुप तिकडे घरं बांधायला गेले. कर्ट व्हेर बीक नावाच्या अभ्यासकाने, जो स्वतः ख्रिस्ती आहे आणि होंडुरासमध्येच राहिलेला आहे, त्या घरांचा मागोवा घेतला. ग्रुपने बांधलेलं एक घर प्रवासखर्च धरून साधारण ३०,००० डॉलरला पडत होतं, तेच घर स्थानिक संस्था साधारण २,००० डॉलरमध्ये बांधत होती. आणि घरात राहणाऱ्यांना विचारलं तर बाहेरच्यांनी बांधलं की आपल्याच माणसांनी, याने त्यांच्या आयुष्यात काही फरक पडलेला दिसला नाही. हे वाचून मी बराच काळ अस्वस्थ होतो. आपलं गणित इतकं वाईट नाही, कारण आपण नागपूरहून स्लीपरने लखनौ गाठतो, पुढे बसने बहराइचवरून रुपईडिहा, सीमा ओलांडली की नेपाळगंज. तरीही हिशेब मांडायलाच हवा. ग्रुपचा प्रवासाचा एकूण खर्च साहित्याला आणि तिथल्या मिस्त्रीच्या मजुरीला दिलेल्या पैशापेक्षा जास्त होत असेल, तर माणसं कमी करा आणि उरलेले पैसे तिकडे पाठवा. आमच्या वेळी असंच ठरलं होतं. ज्यांना ओझं उचलणं जमणार नव्हतं त्यांनी तिकिटाचे पैसे पत्र्यांसाठी दिले. मंडळीतल्या एका आजीने कापूस वेचणीची मजुरी दिली, ती कधी अकोल्याच्या पुढे गेलेली नव्हती.

आता साक्षीबद्दल, म्हणजे आपला विश्वास दुसऱ्यांना सांगण्याबद्दल, कारण हा प्रश्न तुमच्या ग्रुपमध्ये निघणारच. नेपाळच्या कायद्यात दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणणं हा गुन्हा आहे. २०१७ च्या फौजदारी संहितेप्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड. तुम्ही पत्रकं वाटून निघून याल, चौकशी तिथल्या पाळकाची होईल. म्हणून वाटायला काही नेऊ नका. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही तो तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्यापुढे विश्वासाची गोष्ट काढणं हा त्याच्यावर टाकलेला भार आहे. आपण ज्या येशूच्या नावाने जातो त्याने आजाऱ्यांना बरं करण्याआधी कोणाचा धर्म विचारला नाही. आणि आपल्या मातीतही हे आहेच. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे, कीर्तन त्यानंतर. ज्या म्हाताऱ्याचं घर आम्ही बांधलं तो ख्रिस्ती नव्हता. चौकट बसली त्या दिवशी त्याने त्याच्या रीतीने पूजा केली, आम्ही बाजूला उभे राहिलो आणि त्याने दिलेला प्रसादाचा भात वरणासोबत जेवणात घेतला की नाही, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न ठेवला. त्यावर आमच्यात वाद झाला नाही.

घर कोणाला, दार कुठल्या बाजूला, चूल कुठे, शेळ्या कुठे बांधायच्या, हे त्या घरच्यांनी ठरवायचं. किल्लारीनंतर नव्या वसाहती आखल्या तेव्हा सरळ रेषेत घरं उभी राहिली, आणि गुरं-ढोरं, अवजारं, कडबा ठेवायचा कुठे ही तक्रार लोक पुढे कित्येक वर्षं करत राहिले. तुमच्या डिप्लोमाचा उपयोग इथे होईल. नकाशा घरच्यांना जमिनीवर फक्की टाकून दाखवा, त्यांना त्यात चालू द्या, मग पाया खोदा. पायाचे दोन्ही कर्ण मोजून काटकोन तपासणं, सळईच्या रिंगांचं अंतर बघणं, हप्त्यासाठीचे कागद समजून घेणं, हेही तुम्ही करू शकाल. तिकडची लिपी देवनागरी आहे, फॉर्म वाचता येतो.

घरच्यांचं म्हणणं मात्र टाळू नका. मी निघालो तेव्हा माझी आईही म्हणाली होती, "आंधी आपल्या इथचे घरं पाय, मंग जाजो नेपायले." तिचं खरंच होतं. आमच्या गावात पंतप्रधान आवासच्या यादीत नाव आलेली माणसं आहेत. सपाट भागात योजनेचं मूळ अनुदान १ लाख २० हजारांचं, रोजगार हमीतून मजुरी वेगळी. पण रेतीचा भाव आणि मिस्त्रीचा रोज जोडला की कितीतरी घरकुलं जोत्यावर येऊन थांबतात. विशेषतः एकट्या बाईचं घर असेल तर. तिथेही अडचण तीच असते, ओझं वाहायला हात नाहीत.

म्हणून तुमच्या पाळकांपुढे हा प्रस्ताव ठेवा. नेपाळला नाव दिलेल्या प्रत्येकाने आधी आपल्या तालुक्यातलं एक अडलेलं घरकुल धरावं. त्या घरच्यांना विचारून, गावातल्याच मिस्त्रीच्या हाताखाली, रविवारची उपासना आटोपली की. पाया खोदणं, मुरूम भरणं, विटा भिजवणं, स्लॅबला पाणी मारणं. जात, धर्म, मंडळी काही न बघता. कोण उन्हात टिकतो, कोण मिस्त्रीचं ऐकतो, कोणाला फक्त फोटो हवेत, हे तिथेच कळेल. जो ग्रुप दर्यापूरच्या किंवा बार्शीटाकळीच्या एखाद्या खेड्यात एकत्र राबू शकत नाही, त्याला डोंगरात नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तुमच्या घरच्यांना उत्तर तोंडाने द्यावं लागणार नाही.

काही बारीक गोष्टी. आपल्याला नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र सोबत ठेवा, नुसत्या आधारवर विसंबू नका. शंभराच्या नोटा न्या. रबरी हातमोजे आणि चांगले बूट न्या. थाप्या, ओळंबे, गुणे इथून नेलेत तर तिथल्या मिस्त्रीकडे सोडून या. राहायला घरच्यांची उरलेली खोली अडवू नका, तंबू टाका. जेवणाचे पैसे द्या, ते नको म्हणाले तरी तांदळाचं पोतं आणून ठेवा. पडक्या घरासमोर उभं राहून फोटो काढायचा असेल तर आधी त्यांना विचारा.

आणि मे महिना बदला. जाजरकोटचा भूकंप ३ नोव्हेंबर २०२३ चा, दीडशेहून जास्त माणसं त्यात गेली, त्यामुळे काम अजून आहे आणि घाई करावीशी वाटणं मी समजू शकतो. पण मे-जूनमध्ये त्या भागातले कित्येक लोक यार्सागुम्बा गोळा करायला उंच डोंगरावर जातात. ती औषधी बुरशी महाग विकली जाते आणि बऱ्याच घरांचं वर्षाचं रोख उत्पन्न तेच असतं. गाव अर्धं रिकामं असेल, मिस्त्रीही बहुधा वर गेलेला असेल. जूनच्या मध्यापासून पाऊस लागतो, दरडी कोसळून रस्ते बंद पडतात. त्यानंतर दसैं आणि तिहारचे सण. पाळकांना सांगा, तूर काढून झाली की फेब्रुवारीत निघू. तोवर तुमच्या हातात घरकुलासाठी बरेच रविवार आहेत.