प्रयोगशाळेतली त्वचा: 'कृत्रिम' की 'संवर्धित'?

पिंपळगाव बसवंतहून विचारणा आली आहे: भाजलेल्या रुग्णासाठी प्रयोगशाळेत वाढवतात तिला 'कृत्रिम त्वचा' म्हणावं का? आणि स्किन ग्राफ्टला, म्हणजे जखमेवर त्वचा लावण्याला, द्राक्षबागेतला 'कलम' शब्द चालेल का?

दुसरा प्रश्न आधी घेऊ, त्यात रस जास्त आहे. 'कलम' म्हणजे मुळात बोरूची लेखणी, अरबी-फारसीतून आलेली. इंग्रजी 'ग्राफ्ट'च्या मुळाशी असलेला ग्रीक 'ग्राफिऑन' हीसुद्धा लेखणीच! डॉगरीज या द्राक्षाच्या खुंटावर पाचर कलम करताना लेखणीसारखी दोन्ही बाजूंनी तासलेली काडी पाहिली की कारण सांगावं लागत नाही. व्यवहारही जुळतो. चिरेत फट राहिली की काडी सुकते. लावलेल्या त्वचेखाली रक्त साकळलं की ती उचलली जाते आणि मरते, कारण पहिले एक-दोन दिवस ती जखमेतल्या द्रवावरच तग धरते. रक्तवाहिन्या मागाहून जुळतात. तरी 'त्वचारोपण' रुळलंय, ते राहू द्यावं. रुग्णाच्या घरच्यांना समजावताना 'कलम' म्हणावं, निफाड-दिंडोरीत लगेच कळेल.

आता 'कृत्रिम'. टिश्यूकल्चरच्या केळीला कोणी कृत्रिम केळी म्हणतं का? वर सिलिकॉनचा पापुद्रा आणि खाली गाईच्या कोलॅजेन या प्रथिनाची जाळी असं आच्छादन मिळतं, त्याला कृत्रिम म्हणा. (कृत्रिम 'कातडं' मात्र नको, सोफ्याचं रेक्झिन आठवतं.) पेशींपासून वाढवलेली ती 'संवर्धित'.

त्यातही 'त्वचा' शब्द जपून वापरावा. 1975 साली रेनवाल्ड आणि ग्रीन या संशोधकांनी माणसाच्या केराटिनोसाइट, म्हणजे बाह्यत्वचेच्या पेशी बशीत वाढवल्या. खाली उंदराच्या पेशींचा थर होता, किरणांनी वाढ थांबवलेला. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या तुकड्यापासून तीन-चार आठवड्यांत मोठं क्षेत्र झाकता येतं. पण हाती येतो तो जेमतेम काही पेशी जाडीचा पापुद्रा. तो डिस्पेज या विकराने (एन्झाइमने) बशीपासून अख्खा सोडवतात. ट्रिप्सिन हे दुसरं विकर घातलं तर पेशी सुट्या होतात. खाली अंतस्त्वचा (त्वचेचा आतला थर) नसेल तर नंतर कित्येक महिने जरा घासलं तरी फोड येतात. याला 'संवर्धित बाह्यत्वचा'च म्हणावं.

कोलॅजेनच्या जेलमध्ये फायब्रोब्लास्ट (अंतस्त्वचेतल्या पेशी), त्यावर केराटिनोसाइट, मग पृष्ठभाग द्रवाबाहेर हवेत उघडा ठेवला की वर शृंगी थर, म्हणजे त्वचेचा सर्वांत वरचा कडक थर, धरतो. ही 'द्विस्तरी संवर्धित त्वचा'. घामाच्या ग्रंथी आणि केस मात्र तिच्यातही नसतात.

बातमीत 'रुग्णाच्याच पेशींपासून' हे शब्द गाळू नयेत. दुसऱ्याच्या पेशी असतील तर तेही लिहावं. त्या जखम भरायला हातभार लावतात, पण कायमच्या राहत नाहीत.