उकळती पेज हातावर सांडली तर आधी खोबरेल तेल लावायचं की पेटीतला मासळीचा बर्फ?

दोन्ही नको, लगेच हात वाहत्या गार पाण्याखाली धरा आणि पूर्ण 20 मिनिटं धरून ठेवा. आग दोन मिनिटांत कमी वाटली तरी त्वचेखालच्या थरात उष्णता मुरलेली असते. पेज तर चिकटून बसते, म्हणून ती आधी धुवून काढा. तेलाच्या थराखाली उष्णता कोंडते, बर्फाने रक्तवाहिन्या आकसून जखम खोल जाऊ शकते. उन्हाळ्यात टाकीचं पाणीच कढत येतं, तेव्हा विहिरीचं ताजं पाणी तांब्याने सतत ओता. उशीर झाला असला तरी 3 तासांपर्यंत उपयोग होतो. सूज चढायच्या आत बांगड्या, अंगठी काढा. कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढू नका. मग स्वच्छ, न चिकटणाऱ्या आवरणाने सैल झाका (स्वयंपाकघरातली प्लास्टिक फिल्मही चालते). फोड फोडू नका, हळद-टूथपेस्टही नकोच. भाजलेला भाग मोठा असेल, विशेषतः लहान मुलाचा, तर अंग गारठू शकतं: फक्त भाजलेल्या जागी पाणी, बाकी अंगावर चादर, आणि 108 ला फोन. भाजलेल्या माणसाच्या तळहातापेक्षा मोठी जखम, किंवा चेहरा, हाताचा पंजा, सांधा, जननेंद्रिय भाजलं असेल तर डॉक्टरांना दाखवाच.